इथला पाऊस, तिथला भाव

लातूर, धाराशिव, बीड, नांदेड, हिंगोली या पट्ट्यात खरीप म्हणजे आता सोयाबीन. ज्वारी, मूग, उडीद यांची बरीचशी रानं गेल्या तीसेक वर्षांत या एका पिकानं घेतली. जून ते ऑक्टोबर इथल्या घरांत दोनच विषय चालतात, पाऊस आणि भाव. या दोहोंचा एकमेकांशी संबंध काय, यावर मात्र एकाच ओसरीवर दोन टोकांची मतं ऐकू येतात. शेत कसणारा म्हणतो, सगळं आभाळाच्या हातात आहे. बाजारात बसणारा म्हणतो, तुमच्या आभाळाला बाजार विचारत नाही. ही दोन्ही मतं मी इथं एका मामा-भाच्याच्या तोंडी घातली आहेत. मामा औसा तालुक्यात कोरडवाहू शेती करतात. भाचा लातुरात शेतमालाच्या व्यापारात आहे. सकाळी उठल्यावर तो आधी शिकागोच्या वायदे बाजारातले सोयाबीनचे दर पाहतो. माणसं कल्पनेतली आहेत, घटना आणि आकडे खरे आहेत. दिवस ऑक्टोबर २०२५ च्या अखेरचे. दिवाळी नुकतीच झाली आहे, भाच्याची आई माहेरी आली आहे म्हणून तोही आला आहे. अंगणात ताडपत्रीवर सोयाबीन वाळत घातलं आहे.

मामा : हातात घेऊन बघ जरा. अर्धे दाणे डागी. सप्टेंबरात पावसानं उसंत दिली नाही. शेंगा भरल्या होत्या, पानं पिवळी पडायला लागली होती, आठ-दहा दिवसांत काढणी होती. अन् रानात गुडघाभर पाणी. शेंगेतच कोंब फुटले. एकरी आठ क्विंटल धरून चाललो होतो, तीन निघालं. आता मला सांग, माझ्याकडं कमी, शेजाऱ्याकडं कमी, सगळ्या मराठवाड्यात कमी. मग भाव चढायला पाहिजे का नको? हमीभाव ५,३२८ रुपये. आडतीवर चांगल्या मालालासुद्धा तेवढा मिळंना झालाय. खरेदी केंद्रं अजून उघडायचीत. हे कुठलं गणित?

भाचा : गणित बरोबर आहे मामा, तुम्ही ते मराठवाड्यापुरतं मांडताय. जगात वर्षाला साधारण ४२ कोटी टन सोयाबीन होतं. त्यातलं १७ कोटी टनांच्या आसपास एकट्या ब्राझीलचं. अमेरिकेचं ११-१२ कोटी टन. आपल्या सगळ्या देशाचं मिळून सव्वा कोटी टनांच्या आतबाहेर. म्हणजे शंभरातलं तीन. त्या तिनातलं काही पाण्यात गेलं, तर तुमचं घर हलतं, जगाचा बाजार हलत नाही.

मामा : आम्ही कुठं ब्राझीलला विकायलाव? लातूरच्या मोंढ्यात विकायलाव.

भाचा : मोंढ्यात तुमचा माल शेवटी घेतो कोण? प्लांटवाला. तो सोयाबीन खात नाही, गाळतो. एक क्विंटल गाळलं की साधारण १८ किलो तेल निघतं आणि ८० किलोच्या वर पेंड. तेलाचा भाव इंडोनेशिया-मलेशियाच्या पामतेलावर आणि अर्जेंटिना-ब्राझीलच्या सोयातेलावर ठरतो, कारण देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. पेंड जाते कोंबड्यांच्या खाद्यात, नाहीतर निर्यातीला. निर्यातीत समोर अर्जेंटिना उभा, घरात समोर डीडीजीएस उभं.

मामा : ते काय?

भाचा : मका आणि तांदळापासून इथेनॉल करताना जो चोथा उरतो तो. त्यात प्रथिनं असतात आणि पेंडीपेक्षा स्वस्त पडतो. देशात इथेनॉल वाढलं तसा हा चोथाही वाढला, अन् पोल्ट्रीवाल्यांनी पेंड कमी केली. प्लांटवाला तेलाचे पैसे आणि पेंडीचे पैसे बेरजेत धरतो, गाळपाचा खर्च आणि आपला नफा काढतो, आणि उरलेला आकडा तुमचा भाव म्हणून सांगतो. त्या बेरजेत औशाचा पाऊस कुठेच नाही.

इथं थोडं थांबून कांद्याचा विचार करायला हवा, कारण शहरी वाचकाच्या डोक्यात हवामान आणि भाव म्हटलं की कांदाच असतो. कांद्याचं गणित वेगळं. तो फार टिकत नाही, त्याला पर्याय नाही, आणि नाशिक-अहिल्यानगरकडं पाऊस झाला की महिन्याभरात दिल्लीच्या भाजी मंडईत ते दिसतं. म्हणूनच तिथं सरकारचा हात लगेच येतो. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, डिसेंबरात निर्यातच बंद झाली, ती मे २०२४ मध्ये उठली. कांदा उत्पादकाला निदान हे तरी कळतं की भाव कशानं चढला आणि कुणी पाडला. सोयाबीनवाल्याला यातलं बरंचसं दिसतच नाही. आपलं रान बुडालेलं तो पाहतो आणि भाव चढायची वाट बघत बसतो.

मामा : बरं, जगाचं आभाळ धर. ते तरी आभाळच ना? म्हणजे माझंच खरं. पाऊस आहे तर शेती, नाहीतर काही नाही. बहात्तरचा दुष्काळ आम्ही बघितलाय. मी दहा वर्षांचा होतो. आमच्या आईनं खडी फोडली, मी पाटी उचलली. रेशनवर लाल मिलो मिळायचा, कामावर सुकडी. विहिरीला तळ दिसायचा. त्या वर्षी कुठला बाजार अन् कुठली पेंड?

भाचा : मामा, बहात्तरचीच गोष्ट सांगतो, कारण आजच्या तुमच्या भावाची मुळं त्याच वर्षात आहेत. त्या वर्षी पाऊस का रुसला? प्रशांत महासागराचं पाणी तापलं होतं. एल निनो. मोसमी वारे दुबळे पडले. त्याच गरम पाण्यानं पलीकडच्या किनाऱ्यावर, पेरू देशात, आणखी एक गोष्ट केली. तिथं थंड पाण्यात अँकोव्ही नावाच्या बारीक माशांचे थवेच्या थवे असायचे. जगातली सगळ्यात मोठी मासेमारी तिथं चालायची. ते मासे खायला कमी आणि दळून खाद्य करायला जास्त लागायचे. युरोप-अमेरिकेतल्या कोंबड्या आणि डुकरं त्या भुकटीवर वाढायची. आधीच मासेमारी बेसुमार झाली होती, त्यात पाणी तापलं, मासे नाहीसे झाले.

मामा : मग?

भाचा : मग त्या कोंबड्यांना प्रथिनं कुठून द्यायची? सोयाबीनच्या पेंडीतून. त्याच वर्षी रशियात दुष्काळ पडला आणि रशियानं अमेरिकेकडून धान्याची प्रचंड खरेदी केली. शिकागोत सोयाबीन वर्षभरात तिपटीहून जास्त चढलं. अमेरिकेत मांस महागलं, लोक ओरडायला लागले. २७ जून १९७३ ला निक्सन सरकारनं सोयाबीनची निर्यात थांबवली.

मामा : आपल्याकडं कांद्याची थांबवतात तशी.

भाचा : अगदी तशीच. सगळ्यात मोठा धक्का बसला जपानला. टोफू, मिसो, सोया सॉस, सगळं सोयाबीनचं, आणि दहातले जवळपास नऊ हिस्से सोयाबीन अमेरिकेतून यायचं. बंदी काही महिन्यांतच उठली, पण जपाननं धडा घेतला. एका देशावर विसंबायचं नाही. पैसा आणि माणसं घेऊन जपानी ब्राझीलला गेले. तिथं सेराडो नावाचा मोठा माळ आहे, तांबडी, आंबट जमीन. काही पिकत नाही म्हणून सोडून दिलेली. ब्राझीलनं त्याच १९७३ साली एम्ब्रापा ही शेती संशोधनाची संस्था काढली. त्यांनी त्या जमिनीत चुना टाकला, उष्ण प्रदेशात चालतील असे सोयाबीनचे वाण काढले. आज ब्राझील अमेरिकेच्या पुढं गेलाय, आणि त्याचा मोठा हिस्सा त्या माळावर पिकतो. तुमच्या अंगणातल्या या मालाचा भाव ठरवताना तो माळ मोजला जातो.

मामा : म्हणजे आम्ही खडी फोडत होतो, अन् आमचा आजचा भाव तिकडं पेरला जात होता.

भाचा : असं म्हणता येईल.

मामा : पण तुझ्याच गोष्टीत एक बघ. मासे गेले ते पाण्यानं गेले, खरं. पाणी पुढं थंड झालं की नाही?

भाचा : झालं. १९७३ मध्येच.

मामा : आपल्याकडंबी त्र्याहत्तरला पाऊस झाला. रशियातबी झाला असंल. आभाळानं एक साल मारलं अन् सोडून दिलं. पण त्या अमेरिकेच्या सरकारनं जी निर्यात बंद केली, त्याचं फळ पन्नास वर्षं चाललंय. त्यांच्याच शेतकऱ्याच्या समोर त्यांनी ब्राझील उभा केला. मग भाव कुणी बिघडवला? आभाळानं का सरकारनं?

मामांचा हा मुद्दा मला या सगळ्या वादातला सगळ्यात मोलाचा वाटतो. हवामानाचा फटका मोठा असतो, पण तो हंगामाबरोबर येतो आणि हंगामाबरोबर जातो. त्याला घाबरून घेतलेला निर्णय मात्र मागं राहतो. आपल्याकडचं २०२१ चं साल याचं ताजं उदाहरण आहे, आणि भाचा ते नाकारू शकत नाही.

मामा : २०२१ आठव. जुलै-ऑगस्टात लातुरात सोयाबीन दहा हजाराच्या वर गेलं. तेव्हा आमच्या घरात कट्टाभरसुद्धा नव्हतं. ज्यांच्याकडं साठा होता त्यांनी कमावलं. आम्ही म्हणलं, असू दे, आपलं ऑक्टोबरात येतंय. कर्ज काढून खत टाकलं, फवारण्या केल्या. अन् काय झालं?

भाचा : ऑगस्टात केंद्र सरकारनं १२ लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली, तीही जीएम सोयाबीनची, पहिल्यांदाच.

मामा : अन् सप्टेंबरच्या शेवटी ते वादळ आलं.

भाचा : गुलाब. बंगालच्या उपसागरातून आलं आणि मराठवाड्यावरून गेलं. मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले. नदीकाठची रानं खरवडून गेली.

मामा : माल आला तेव्हा भाव निम्म्यावर. उतारा पावसानं मारला, भाव आयातीनं. दोन्ही मार एका पाठीवर. तुझी ती शंभरातल्या तिनाची गोष्ट मला पटली, पण त्या वेळी तर आपल्याच देशात माल कमी होता म्हणून भाव चढला होता ना? तो आम्हाला मिळू द्यायला काय हरकत होती?

भाचा : पोल्ट्रीवाल्यांचं बघा. त्यांच्या खर्चातला मोठा वाटा खाद्याचा. पेंड एका वर्षात दुपटीच्या वर गेली. छोटे पोल्ट्रीवाले शेड रिकामी ठेवायला लागले होते. तेही शेतकरीच आहेत मामा.

मामा : आहेत. त्यांनाबी जगू दे. मी आयात करूच नका म्हणत नाही. पेरणीच्या आधी सांगा म्हणतो. पेरल्यावर का?

भाचा यावर गप्प राहिला, आणि त्याला गप्प राहणं भागच होतं. त्याच वर्षी २० डिसेंबरला सेबीनं सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे बंद केले. बंदी एका वर्षासाठी म्हणून आली, नंतर पुन्हा पुन्हा वाढवली गेली. भाच्याचं खरं दुखणं इथं आहे.

भाचा : आता माझी तक्रार ऐका. वायदा चालू होता तेव्हा जूनमध्ये पेरताना ऑक्टोबरचा भाव पडद्यावर दिसायचा. तो खरा ठरेल अशी हमी नव्हती, पण हजारो लोकांनी पैसे लावून काढलेला अंदाज होता. कुणी ब्राझीलच्या पावसाचा अभ्यास केलेला, कुणी पामतेलाचा. शिकागोत जुलै-ऑगस्टात भाव असेच पावसाच्या अंदाजावर हलतात, तिथले लोक त्याला हवामानाचा बाजार म्हणतात. २०१२ साली अमेरिकेच्या मध्यभागात दुष्काळ पडला तेव्हा भाव सप्टेंबरच्या सुरुवातीलाच शिखरावर गेला, काढणी जोरात सुरू होण्याआधी. माल बाजारात यायच्या आधी पाऊस भावात येऊन बसतो. आपल्याकडं ती खिडकीच बंद केली.

मामा : ते सट्टेबाजाचं काम. घरी एक दाणा नाही, हजारो क्विंटल विकायचे. सरकारनं बंद केलं ते चांगलं केलं.

भाचा : सट्टेबाज नसेल तर तुमची जोखीम घेणार कोण? तुम्हाला भाव पडायची भीती आहे, प्लांटवाल्याला चढायची. दोघांच्या मधे पैसे लावणारा तिसरा लागतो.

मामा : माझी जोखीम? माझं पंधरा क्विंटल. तुझ्या त्या वायद्यात एका सौद्याला कित्येक टन लागतात. माल वाळलेला पाहिजे, स्वच्छ पाहिजे, तुमच्या गोदामात नेऊन टाकला पाहिजे. आमच्यातला कोण गेला होता तिथं?

भाचा : एकटा नाही, गट करून. शेतकरी उत्पादक कंपन्या उतरायला लागल्या होत्या वायद्यात.

मामा : ज्या खऱ्या चालतात त्या उतरल्या असतील. आमच्या गावातली बोर्डावर आहे.

या मुद्द्यावर मी भाच्याच्या बाजूनं आहे, पण त्याच्याइतक्या उत्साहानं नाही. वायदा बंद केल्यानं भाव चढायचा थांबत नाही की पडायचा थांबत नाही. फक्त पुढं काय होणार याचा अंदाज ज्याच्याकडं पैसा आहे त्याच्यापुरता राहतो. मोठ्या प्लांटवाल्याला शिकागोचा भाव रोज कळतो. औशाच्या शेतकऱ्याला आडत्या सांगेल तेवढंच कळतं. पण पंधरा क्विंटलवाल्याला वायद्यानं थेट फायदा झाला असता, हे मला पटत नाही. त्याच्यासमोर वायद्याच्या आधी एक छोटं यंत्र उभं असतं.

ते यंत्र ओलावा मोजतं. आडतीवर त्याला हवा मोजायचं मशीन म्हणतात. पोत्यातून मूठभर दाणे काढून त्याच्या डबीत टाकायचे, झाकण लावायचं, काही सेकंदांत काचेवर आकडा येतो. हमीभावानं विकायचं असेल तर तो आकडा १२ च्या आत लागतो. काढणीच्या वेळी पाऊस झालेला असला की तो १४, १५, १८ येतो. आभाळ आणि बाजार यांची गाठ या डबीत पडते. सप्टेंबरचा पाऊस आधी उतारा कमी करतो, मग याच डबीत येऊन भाव कमी करतो.

मामा : गेल्या वर्षी, २०२४ ला, टेम्पो करून केंद्रावर नेलं. बारदाना नाही म्हणून दोन दिवस थांबवलं. मग मशीन लावलं, आकडा चौदाच्या वर. परत न्या म्हणले. जायचं-यायचं भाडं अंगावर. येताना आडतीवर टाकलं, त्यानं हवेची कटती केली, डागाची केली, वर भाव हमीभावापेक्षा पाचशे-सातशेनं खाली. नंतर नोव्हेंबरात सरकार म्हणलं, पंधरा टक्क्यांपर्यंत चालंल. तोवर आमच्यासारख्यांचा माल गेलेला. दिवाळी होती, रब्बीची पेरणी होती, उधारी होती.

भाचा : म्हणून मी म्हणतो, सगळं एकदम विकू नका. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे. गोदामात माल ठेवा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, व्याज ६ टक्के, मुदत १८० दिवस. घाईघाईत दिवाळीला विकायची पाळी येत नाही.

मामा : योजना चांगली आहे, मी घेतलीय एकदा. पण गोदामात वाळलेला, चांगला माल लागतो. हा डागी माल घेईल का कुणी तारण? ज्या साली गरज, त्या सालीच दार बंद.

भाचा : ते खरं आहे.

मामा : अन् ठेवल्यानं भाव मिळतोच असं कुठंय? २०२१ चे दहा हजार डोक्यात बसले म्हणून कितीतरी जणांनी बावीसचा माल ठेवला. चोवीस उजाडलं, शेवटी साडेचार हजारानं घातला. उंदरांनी खाल्लं ते वेगळं.

भाचा : त्यांची चूक ठेवण्यात नव्हती, कधीपर्यंत ठेवायचं हे न कळण्यात होती. ब्राझीलची पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होते आणि काढणी जानेवारीत. आपला माल ऑक्टोबरात येतो. मधले तीन महिने तिथल्या पावसावर भाव हलतो. तिथं पाऊस ओढला तर संक्रांतीपर्यंत थांबण्यात अर्थ आहे. तिथं पीक चांगलं दिसतंय आणि तरी तुम्ही फेब्रुवारीनंतर थांबलात, तर तुम्ही जगातल्या सगळ्यात मोठ्या ढिगाऱ्यासमोर थांबलात. २०२३ मध्ये हेच झालं. अर्जेंटिनात भयंकर दुष्काळ पडला, तिथलं पीक दोन दशकांतलं सगळ्यात कमी आलं. एरवी भाव कुठल्या कुठं गेले असते. पण ब्राझीलनं त्याच हंगामात तोवरचं विक्रमी पीक काढलं आणि ती तूट भरून टाकली.

मामा : अन् त्याच तेवीसला आपल्याकडं ऑगस्ट कोरडा गेला.

भाचा : १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट. देशाचा पाऊस सरासरीच्या ३६ टक्के कमी. पुन्हा एल निनो.

मामा : फुलं गळाली. शेंगा लागल्या त्यात दाणा नाही भरला. पांढऱ्या माशीनं पिवळा मोझॅक आणला. भाव हलला का? नाही. आता मला कळलं का नाही हलला ते. पण कळून करू काय? ब्राझीलला पाऊस पडू नको म्हणून देवाला सांगू?

मामांच्या या प्रश्नाला भाच्याकडं उत्तर नाही, कारण माहितीनं तोटा भरून येत नाही. आणि तोटा एका सालात संपतही नाही. काढणीच्या वेळी भिजलेलं सोयाबीन बियाणं म्हणून चालत नाही. त्याचं टरफल नाजूक असतं, उगवणशक्ती लवकर जाते. ऑक्टोबर २०१९ मध्ये काढणीला पाऊस झाला आणि जून २०२० मध्ये महाराष्ट्रभर सोयाबीन उगवलंच नाही अशा तक्रारी आल्या. लोकांना दुबार पेरणी करावी लागली. यंदा घरचं बियाणं ठेवायला मामांकडं चांगला दाणा नाही. पुढच्या जूनमध्ये ते विकतची बॅग घेतील. तिची किंमत या सप्टेंबरच्या पावसाचाच खर्च आहे, पण पंचनाम्यात तो धरला जात नाही.

भाचा : सरकारनं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलंय ना पुरानंतर?

मामा : मिळंल तेव्हा घेऊ. पण ती नुकसानभरपाई झाली, भाव नव्हे. अन् विमा? एक रुपयात विमा होता तो यंदापासून बंद. आता दोन टक्के हप्ता, अन् पैसे पीक कापणीच्या प्रयोगावर. म्हणजे महसूल मंडळात सरासरी काय उतरलं ते बघणार. नदीकाठचं माझं बुडालं अन् माळावरच्याचं वाचलं, तर सरासरीत मी कुठं दिसणार?

भाचा : जुन्या योजनेत खोटे अर्ज फार झाले होते.

मामा : खोटे करणाऱ्याला धरा. खऱ्याची वाट कशाला बंद करता?

भाचा : यावर माझं काही म्हणणं नाही. पण हमीभावानं सगळं सुटेल असं तुम्हाला वाटत असेल, तर ते मला पटत नाही. सगळा माल सरकार घेऊ शकत नाही. आणि हमीभाव जगाच्या भावापेक्षा फार वर राहिला, तर पेंड निर्यात होत नाही, प्लांट थांबतात, मग माल कोण घेणार?

मामा : मग बाहेरचं तेल महाग करा की. त्यानं प्लांटवाल्याच्या बेरजेतच वाढ होईल. तूच सांगितलंस ना गणित?

भाचा : केलं होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर नेलं. मग शहरात तेल महागलं. मे २०२५ च्या अखेरीस ते साडेसोळावर आणलं.

मामा : मे अखेर. म्हणजे पेरणीच्या तोंडावर. बियाणं घरात आणून ठेवलं होतं आम्ही तोवर.

भाच्यानं मोबाइल खाली ठेवला. मामी चहा घेऊन आल्या आणि ढग यायला लागलेत, ताडपत्री झाका म्हणाल्या. दोघं उठले.

हा वाद मिटवायचा माझा हेतू नाही, पण माझं मत लपवायचंही नाही. भाच्याचं म्हणणं खरं आहे की सोयाबीनचा भाव मराठवाड्याच्या पावसावर ठरत नाही, आणि जो शेतकरी हे मनापासून मान्य करेल त्याचा विकण्याचा निर्णय सुधारेल. कृषी विद्यापीठं आणि हवामान विभाग आठवड्याला सल्ले देतात, त्यात फवारणी कधी करावी हे असतं. ऑक्टोबर ते जानेवारी त्याच सल्ल्यात ब्राझील-अर्जेंटिनात पेरणी किती झाली, पाऊस कसा आहे, हे चार ओळींत मराठीत यायला काय अडचण आहे? ही माहिती उघडी आहे, फुकट आहे, फक्त औशापर्यंत पोचत नाही.

पण मामांचं म्हणणं त्याहून मोठं आहे. इथला पाऊस आणि तिथला पाऊस, दोन्ही कुणाच्या हातात नाहीत. आयात शुल्क, पेंडीची आयात, ओलाव्याची मर्यादा, खरेदी केंद्र उघडायची तारीख, या चारही गोष्टी माणसाच्या हातात आहेत, आणि त्याच सगळ्यात बेभरवशाच्या झाल्या आहेत. ओलाव्याची सूट द्यायचीच असेल तर ती काढणीच्या आधी द्या. केंद्रावर धान्य वाळवायची सोय करा. आणि शेतकऱ्यानं ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. शेतकरी तेवढं थांबतो. सरकारनंही तसाच धीर धरावा. खाद्यतेल आणि पेंडीवरचं शुल्क मे महिन्याच्या सुरुवातीलाच जाहीर करावं आणि ऑक्टोबरचा माल बाजारात येऊन विकला जाईपर्यंत त्याला हात लावू नये.